युद्धातून आलेलं कुटुंब : सुरुवात आईपासून करा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते इतरांनाही कळेल. युद्धातून पळून आलेल्या लोकांना तुम्ही नव्या देशाची भाषा शिकवता. तुमच्या वर्गातली एक बाई दोन मुलांना घेऊन सहा महिन्यांपूर्वी आली. नवरा मागेच राहिला. सात वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागला आहे आणि दिवसभर बाँब टाकण्याचाच खेळ खेळतो. तेरा वर्षांची मुलगी हुशार, समंजस. आईची सगळी कागदपत्रं तीच हाताळते. आई म्हणते, "माझं ठीक आहे, पोरांचं बघा." एक बॅग तिने अजून भरलेलीच ठेवली आहे, दाराआड. तुम्ही विचारता : मुलाला मानसिक आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावं का, आणि नेमकी सुरुवात कुठून करावी?

मी वीसेक वर्षं अशा कुटुंबांबरोबर काम करते आहे, आधी छावण्यांमध्ये आणि नंतर शहरांत. सुरुवात आईपासून करा. तुमच्या वर्णनावरून मुलाला आज, लगेच तज्ज्ञाची गरज आहे असं मला वाटत नाही. आणि जिच्याबद्दल तुम्ही कौतुकाने दोनच ओळी लिहिल्यात, त्या मुलीची मला मुलापेक्षा जास्त काळजी वाटते.

आईपासून का, हे आधी सांगते, कारण हे ऐकून बरेच जण बिचकतात. "दुखतंय मुलाला आणि औषध आईला?" असं मला एका शिक्षिकेने चक्क विचारलं होतं. लहान मूल धोका स्वतः मोजत नाही. ते आईचा चेहरा बघतं, तिचा आवाज ऐकतं, तिने धरलेल्या हाताची पकड किती घट्ट आहे ते त्याला कळतं, आणि त्यावरून जग सुरक्षित आहे की नाही हे ते ठरवतं. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९३९पासून ब्रिटनने शहरांतली मुलं खेड्यांकडे हलवायला सुरुवात केली. पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोक हलवले गेले आणि त्यांत आईवडिलांना सोडून निघालेल्या शाळकरी मुलांची संख्या सर्वांत मोठी होती. त्याच युद्धात अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक लंडनमध्ये युद्धामुळे घरापासून दुरावलेल्या मुलांसाठी निवासी बालगृहं चालवत होत्या. मुलांचं रोजचं वागणं त्या टिपून ठेवत. त्यांना दिसलं ते असं : बाँब पडत असताना आईजवळ असलेली मुलं पुष्कळदा बरी निभावत, पण सुरक्षित जागी एकटी ठेवलेली मुलं आतून ढासळत. आई स्वतः भेदरलेली असेल, तर मात्र ती भीती मुलात जशीच्या तशी उतरायची.

पुढे बोस्नियाच्या युद्धानंतर रॅग्नहिल्ड डिब्डाल या नॉर्वेच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच गोष्टीची नीट चाचणी घेतली. विस्थापित आया आणि त्यांची लहान मुलं अशा ८७ जोड्या. सगळ्यांना साधी वैद्यकीय मदत मिळाली. त्यांतल्या काही आयांना त्याखेरीज पाच महिने दर आठवड्याला गटात बसून बोलायची, मुलांशी कसं वागावं यावर चर्चा करायची सोय करून दिली. मुलांवर वेगळे मानसोपचार केले नाहीत. तरी या गटातल्या आयांचं मन सावरलंच, आणि मुलांच्या वागण्यातही फरक पडला. एवढंच काय, मुलांचं वजनसुद्धा जास्त वाढलं. हे निष्कर्ष २००१मध्ये प्रसिद्ध झाले. वजनाचा तो तपशील मी नव्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगते. आईच्या मनाचं पोराच्या अंगी लागतं, हे तराजूवर दिसलेलं फार कमी वेळा सापडतं.

आता आईला नक्की काय होतंय, याबद्दल. तिने बाँब पाहिले, तळघरात रात्री काढल्या, सीमेवर रांगेत उभी राहिली, हे खरं. पण तिला आज रात्री झोप येत नाही ती फक्त त्यामुळे, असं धरून चालू नका. केनेथ मिलर आणि अँड्र्यू रासमुसेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१०मध्ये हा मुद्दा ठासून मांडला की, युद्धातून आलेल्यांच्या मनःस्थितीचा मोठा भाग रोजच्या कटकटींमधून घडतो : एका खोलीत चौघं, राहण्याच्या परवान्याची तारीख, हाताशी नसलेलं काम, फॉर्मवर न कळणारे शब्द. युद्ध संपलेलं असतं, या गोष्टी रोज सकाळी नव्याने सुरू होतात. तुम्हाला हवं तर युक्रेनच्या निर्वासितांचं उदाहरण घ्या. युरोपीय संघाने बाल्कन युद्धांनंतर २००१मध्ये केलेली तात्पुरत्या संरक्षणाची तरतूद मार्च २०२२मध्ये पहिल्यांदा वापरली. ती झटपट होती, राहायची, कामाची, शाळेची मुभा देणारी होती. चांगलीच होती. पण तिच्यातला "तात्पुरतं" हा शब्द घराघरात जाऊन बसतो. मुदत वाढत जाते, तशी दर वेळी त्याआधीचे काही महिने सगळं घर श्वास रोखून बसतं. मुलाला नव्या शाळेत घालावं का, भाड्याचा करार करावा का, पलंग विकत घ्यावा की गादीवर भागवावं, सगळंच अडून राहतं.

म्हणून आईला मदत म्हणजे तिला बसवून तिच्याकडून युद्धाची गोष्ट वदवून घेणं असं समजू नका. तसं करूच नका. मोठ्या आघातानंतर लगेच सगळं तपशिलाने बोलायला लावलं की मन मोकळं होतं, अशी एक समजूत होती. एका बैठकीत तसं बोलायला लावण्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा वाढूही शकतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं आणि जागतिक आरोग्य संघटनाही आता त्याचा सल्ला देत नाही. ती आपणहून बोलली तर ऐका. मध्येच "अरेरे" म्हणू नका, स्वतःच्या दुःखाची गोष्ट जोडू नका, आणि ती थांबली की तुम्हीही थांबा.

त्याऐवजी तिच्या कटकटींतली एखादी कमी करा. कुठली, ते तिला विचारा. आपल्याला वाटते ती नव्हे. एका आईला मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं ती घराबद्दल बोलेल. ती म्हणाली, "आठवड्यातून दोन तास मला कोणी आई म्हणून हाक मारू नये." आम्ही तेवढंच केलं. शेजारच्या आणखी दोन आयांची मुलं एकत्र सांभाळायची पाळी लावली. महिन्याभरात ती तुमच्यासारख्याच एका भाषेच्या वर्गाला नियमित येऊ लागली. तोवर ती "अनियमित, रस नसलेली" अशी नोंदली गेली होती.

"माझं ठीक आहे" या वाक्याबद्दल एक. ते खोटं नसतं. तिने उसनं अवसान आणलेलं असतं आणि ते सोडलं तर आपण कोसळू असं तिला वाटतं. ते ओरबाडून काढू नका. "तुम्ही ठीक आहात हे दिसतंय. ठीक राहायला रात्री किती तास झोप मिळते?" असं विचारलं तर पुष्कळदा दार किलकिलं होतं. झोप, भूक, अंगदुखी याबद्दल बोलायला लाज वाटत नाही. मनाबद्दल बोलायला वाटते, विशेषतः "वेडी ठरले तर मुलं काढून घेतील" ही भीती असेल तर. ही भीती मी इतक्या ठिकाणी ऐकली आहे की, हल्ली पहिल्या भेटीतच मी तो विषय स्वतःहून काढते.

नवऱ्याचा प्रश्न मोठा आहे. तो जिवंत आहे, पण इथे नाही. फोन लागतो, पण कधी लागेल ते ठाऊक नसतं. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा स्थितीला संदिग्ध वियोग म्हटलं आहे. माणूस गेलेला नसतो, म्हणून शोक करता येत नाही. जवळही नसतो, म्हणून निश्चिंत होता येत नाही. युक्रेनने २०२२मध्ये १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला मनाई केली, तेव्हा अशी लाखो घरं एकाच वेळी तयार झाली. सीरिया, सुदान, अफगाणिस्तान इथून आलेल्या घरांतही कोणीतरी मागे राहिलेलं, बेपत्ता, किंवा कैदेत असतंच. अशा बाईला "आता पुढचा विचार करा" हे वाक्य फार लागतं. तिला मागचं सोडायला सांगण्यासारखं ते ऐकू येतं.

रात्री ती फोनला चिकटून असणार. बातम्या बघू नका असं सांगून काही होत नाही, कारण त्या बातम्यांमध्येच तिचा नवरा आहे. वेळ ठरवून घ्यायला मदत करा : मुलं शाळेत गेल्यावर एकदा, संध्याकाळी ती झोपण्याआधी नव्हे तर बऱ्याच आधी एकदा. नवऱ्याशी फोनची एक वेळ ठरवली आणि "त्या वेळी फोन लागला नाही तर याचा अर्थ नेटवर्क नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न" असं आपसांत बोलून ठेवलं, तर टांगणीला लागलेला जीव थोडा खाली येतो. आणि कानात इअरफोन घालायला सांगा. पडद्यावरचं चित्र लपवलं तरी स्फोटांचा आवाज एका खोलीच्या घरात लपत नाही. त्या मुलाच्या खेळातले आवाज कुठून येतात, त्याचं निम्मं उत्तर कदाचित इथे सापडेल.

आता तो मुलगा. कोरडं झोपणारं मूल पुन्हा ओलं करू लागणं, आईला चिकटणं, बोबडं बोलणं, एकटं शौचाला न जाणं : मूल दोन पायऱ्या खाली उतरतं, कारण खालच्या पायरीवर त्याला एकदा सुरक्षित वाटलेलं असतं. सात वर्षांच्या मुलात हे ओळखीचं आहे. एकदा डॉक्टरांना दाखवून लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ नाही ना, एवढं बघून घ्या. "युद्धातून आलाय म्हणजे मनातच असणार" असं म्हणून साध्या आजाराकडे दुर्लक्ष झालेलं मी पाहिलं आहे. मग आईशी बोला. रागवायचं नाही, भावंडांनी चिडवायचं नाही, चादर बदलायला त्याने मदत केली तर करू द्यायची पण शिक्षा म्हणून नव्हे. झोपण्याआधीचा क्रम रोज एकच ठेवायचा : तोंड धुणं, एक गोष्ट, दिव्याचं तेच बटण, तेच वाक्य. गोष्ट दहा मिनिटांची असली तरी चालेल. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाच्या हातात फार थोड्या गोष्टी असतात. रात्रीचा क्रम त्यांतली एक आहे. काही आठवडे लागतील. मध्ये चार दिवस कोरडे गेले आणि पुन्हा ओलं झालं, तर ते अपयश समजू नका. बहुधा त्या दिवशी फोन लागलेला नसतो.

बाँबच्या खेळाने मोठ्यांच्या अंगावर काटा येतो. तरी तो थांबवू नका. मुलं खेळातून पचवतात. फक्त खेळ हलतोय की अडकलाय, ते बघा. आज विमानाने घर पाडलं, उद्या कोणीतरी गाडी घेऊन जखमींना उचलायला आलं, परवा घर पुन्हा बांधलं, तर तो चालता खेळ आहे. मुलगा काम करतोय, करू द्या. रोज तेच, त्याच क्रमाने, चेहऱ्यावर मजा नाही, खेळून झाल्यावर मूल शांत होण्याऐवजी जास्त चिडचिडं होतं, असं महिनोन् महिने दिसलं तर मदत घ्या. तोवर शेजारी बसून एखादं खेळण्यातलं ठोकळ्यांचं दवाखान्याचं घर बांधून ठेवा आणि काही बोलू नका. त्याला हवं असेल तर तो ते खेळात घेईल. माझ्या ओळखीचा एक मुलगा तीन आठवडे माझा दवाखाना पहिल्या फटक्यात पाडत होता. मी रोज बांधायचे. चौथ्या आठवड्यात त्याने मला तो अधिक भक्कम कसा बांधावा हे शिकवायला घेतलं.

शाळेला दोन गोष्टी आवर्जून कळवा. आगीच्या सरावाचा भोंगा वाजणार असेल तर त्या मुलाला आधी सांगायचं, जमलं तर त्याला वाजवणाऱ्याबरोबर उभं करायचं. आणि चित्रकलेच्या तासाला "तुझ्या देशाचं चित्र काढ" किंवा स्नेहसंमेलनात "तुझी कहाणी सांग" हे नको. हेतू चांगला असतो, पण मूल त्या वर्गात "युद्धवाला" म्हणून कायमचं चिकटतं. बाकी शाळा हेच मोठं औषध. वेळेवर घंटा, ठरलेला बाक, एक मित्र. १९५१च्या निर्वासितविषयक कराराच्या २२व्या कलमात प्राथमिक शिक्षणात निर्वासित मुलांना देशातल्या मुलांसारखीच वागणूक मिळावी असं म्हटलं आहे. १९८९च्या बालहक्क संहितेच्या २२व्या कलमातही निर्वासित मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे. दोन्हीकडे नेमकं २२वंच कलम, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. प्रवेशाला कोणी टाळाटाळ केली तर ही दोन कलमं हाताशी ठेवा, मात्र तुमच्या देशाचा स्वतःचा कायदा आधी बघा.

बाबा कुठे आहेत, याबद्दल त्या मुलाला काय सांगितलंय ते आईला विचारा. पुष्कळ घरांत "बाबा कामावर आहेत, लवकर येतील" असं सांगितलेलं असतं. सात वर्षांचं मूल हे फार दिवस मानत नाही. आई लपवते आहे एवढं त्याला कळतं, आणि लपवण्यासारखं काहीतरी भयंकर असणार असं ते स्वतःच ठरवतं. कधी कधी दोष स्वतःकडे घेतं : मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून बाबा आले नाहीत. खरं सांगायला तीन वाक्यं पुरतात. बाबा तिकडे आहेत. त्यांना निघता येत नाही, त्यात तुझी काही चूक नाही. आम्हाला काही कळलं तर आम्ही तुला सांगू. तिसरं वाक्य पाळावं लागतं. वाईट बातमी आली तर ती मुलाला आईच्या तोंडून, त्याच्या भाषेत कळायला हवी. फोनवरून, शेजाऱ्याकडून किंवा तुमच्याकडून नको. "बाबा नक्की येतील" असं वचन मात्र कोणीच देऊ नये. तुम्हीही नको, कितीही वाटलं तरी.

मुलीकडे वळते. मुलं नवी भाषा आईबापांपेक्षा लवकर उचलतात, आणि मग घराची किल्ली त्यांच्या हाती जाते. घरमालक, बँक, दवाखाना, कचेरी, सगळीकडे ती बोलते. आईचं दुखणं, आईची पैशाची अडचण, वकिलाने विचारलेले युद्धातले प्रश्न, सगळं तिच्या तोंडून जातं. एकदा एका आईच्या स्त्रीरोगाच्या तपासणीत बारा वर्षांची मुलगी दुभाषी म्हणून उभी होती. आईने अर्धं सांगितलं नाही, मुलीने उरलेल्यातलं अर्धं गाळलं, डॉक्टरांनी लिहिलं : "तक्रार नाही." मुलीला मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिला सगळं कळलं होतं, पण ते शब्द बोलणं म्हणजे ते खरं करणं होतं.

म्हणून पहिला व्यावहारिक नियम : दवाखाना, वकील, आश्रयाची मुलाखत, शाळेतली पालकभेट यांत मूल दुभाषी नको. मोठा, शक्यतो प्रशिक्षित दुभाषी मागा. समोर मिळत नसेल तर फोनवरचा. दुभाषी त्याच लहानशा समाजातला असेल तर आईला आधी विचारा, कारण त्या समाजात बातम्या पसरतात आणि युद्धात कोण कुठल्या बाजूला होतं हेही इथे बरोबर आलेलं असतं. दुकानात भाजीचा भाव विचारणं, बसचं वेळापत्रक वाचणं हे मुलीने केलं तर हरकत नाही, त्यात तिला अभिमानही असतो. घराचं ओझं आणि घरातली मदत यात फरक आहे, आणि तो मुलीला स्वतःला करता येत नाही.

तेरा वर्षांच्या मुलीने सहा महिन्यांत एकदाही दार आपटलेलं नाही, याचं मला कौतुक वाटत नाही. तिला आई तुटेल अशी भीती आहे, म्हणून ती स्वतः तुटत नाही. शाळेत तिचे गुण चांगले येतात, तेव्हा कोणाचंच तिच्याकडे लक्ष जात नाही. तिने मैत्रिणी गमावल्या, खोली गमावली, ज्या वयात स्वतःबद्दल विचार करायचा त्या वयात ती सरकारी अर्ज भरते आहे. तिच्याशी "तुला काय वाटतं" असं समोरासमोर बसून बोलू नका. चालताना, काही करताना बोला. तिला जिथे हुशार असण्याची गरज नाही अशी एखादी जागा मिळवून द्या : पोहणं, चित्रं, फुटबॉल, काहीही जिथे ती सगळ्यांसारखी कच्ची असेल. तिच्या गावाकडच्या मैत्रिणींशी ती फोनवर तासन् तास बोलते, त्यावर मोठ्यांनी वैतागू नये. तोच तिचा जुना वर्ग आहे. आणि आईशी बोला की, काही गोष्टी तिने मुलीला सांगायच्या थांबवायला हव्यात. पैसे पुरणार का, हा प्रश्न तुमच्याशी किंवा समाजसेविकेशी बोलायचा.

घरात कोणती भाषा बोलावी असंही पालक विचारतात. मुलांना लवकर शिकता यावं म्हणून घरीही नवीच भाषा बोला, असा सल्ला अजून ऐकू येतो. देऊ नका. मोडक्या भाषेत आई फक्त सूचना देऊ शकते, समजूत घालू शकत नाही. रडणाऱ्या मुलाला जवळ घेताना जी भाषा तोंडात येते, ती घरात राहू द्या.

तुम्ही लिहिलेल्या कुटुंबात वडील इथे नाहीत, पण वर्गात इतर घरं असतील म्हणून थोडक्यात. बरोबर आलेल्या वडिलांचा हुद्दा, पगार आणि शब्दाचा मान, तिन्ही एकदम गेलेलं असतं. बायकोला काम मिळालं, मुलगा त्याच्यापेक्षा चांगलं बोलतो, आणि तो दिवसभर खोलीत. श्रीलंका आणि अफगाणिस्तानात झालेल्या अभ्यासांत, ज्या मुलांनी युद्ध जास्त पाहिलं त्यांना घरातही मार जास्त बसतो असा संबंध दिसला आहे. नव्या देशात मारायला कायद्याने बंदी असेल (स्वीडनने ही बंदी १९७९मध्ये सर्वांत आधी घातली), तर बाप गोंधळतो : मारायचं नाही, मग धाक कसा ठेवायचा? त्याला कायदा धमकीसारखा सांगू नका. इथले पालक मारण्याऐवजी काय करतात ते सांगा, आणि त्याचं ज्ञान कशात आहे ते शोधून त्याला कोणालातरी शिकवायला लावा. बायकांसाठी गप्पांचा गट काढला की बायका येतात. पुरुषांसाठी तसाच गट काढला तर कोणी येत नाही; सायकली दुरुस्त करायचा काढला तर येतात, आणि चाक फिरवता फिरवता बोलतात.

सहा महिन्यांनी हे सगळं का सुरू झालं, असंही तुमच्या लिहिण्यात आश्चर्य दिसलं. हीच वेळ असते. पहिले काही महिने शरीर धावपळीवर चालतं : नोंदणी, खोली, शाळा. मग छप्पर मिळतं, दार आतून बंद करता येतं, आणि साठलेलं सगळं वर येतं. घर खचतं ते बहुतेकदा सुरक्षित झाल्यावर. हे आईला सांगा. "आपण इथे येऊन बिघडलो" असं तिला वाटत असतं.

तज्ज्ञ कधी, याचं उत्तर राहिलं. २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांच्या संयुक्त समितीने आणीबाणीतल्या मानसिक आधाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मदतीची एक उतरंड कल्पिली आहे. तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत गरजा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत, आणि अगदी टोकाला तज्ज्ञ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये दिलेल्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत पाचांपैकी साधारण एकाला नैराश्य, चिंता, आघातोत्तर ताण यांसारखा काही ना काही मानसिक विकार असतो. म्हणजे चार जणांना नसतो. ते दुःखात असतात, आणि दुःख हा आजार नव्हे. पण तो पाचवा सुटू नये. मुलगा खाणं सोडतोय, बोलणं बंद करतोय, स्वतःला इजा करतोय, आठवडेच्या आठवडे रात्री किंचाळून उठतोय, शाळेत जाणंच थांबलंय. मुलगी मरणाबद्दल बोलते किंवा लिहिते, कापून घेते, अचानक सगळ्यांपासून तुटते. आई अंथरुणातून उठत नाही, मुलांना जेवायला घालायचं राहून जातं, किंवा "मी नसले तर बरं" असं म्हणते, तर थांबू नका, त्याच दिवशी मदत गाठा. उपचार आहेत आणि ते लागू पडतात : आघातावर केंद्रित वर्तनोपचार, आयुष्याची कहाणी क्रमाने मांडत जायची उपचारपद्धत. सौम्य त्रासासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पाच बैठकांची एक पद्धत तयार केली आहे, ती तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते चालवू शकतात. तुमच्या भागात कोणी ती शिकलेलं आहे का, विचारून बघा.

तुमच्याबद्दलही एक गोष्ट, राग मानू नका. तुम्ही मुलाला खेळणं आणि मुलीला जॅकेट घेऊन गेलात असं लिहिलंय. पुढच्या वेळी ते आईच्या हाती द्या, मुलं नसताना, आणि तिला द्यायला लावा. आपल्या पोरांना कपडा परका माणूस देतो हे बघत उभं राहण्यात काय असतं, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तिने कधी तुम्हाला काही करून खायला घातलं, तर नाही म्हणू नका. आणि आठवड्यातला एक दिवस त्या घराशिवायचा ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच गायब व्हाल आणि त्यांच्या यादीत आणखी एक सोडून गेलेलं माणूस वाढेल.

दाराआडची बॅग राहू द्या. ती उपसायला सांगू नका, तिच्याबद्दल विनोदही नको. तिच्या आत काय आहे ते मुलाला ठाऊक आहे का, एवढं मात्र आईला विचारा. त्याने स्वतःची एखादी वस्तू त्यात ठेवली असेल तर बहुधा तो त्या बॅगेला घाबरत नाही.

या आठवड्यात एवढंच करा : आईची पुढची दवाखान्याची किंवा कचेरीची तारीख काढा आणि तिच्यासाठी मोठा दुभाषी मिळवा, म्हणजे त्या दिवशी मुलगी शाळेत राहील. सहा आठवड्यांनी मला कळवा. मुलगा अजून अधूनमधून अंथरूण ओलं करत असेल, तर मला फारसं आश्चर्य वाटणार नाही. मुलगी एकदा तरी आईवर चिडली का, ते मात्र जरूर लिहा.